मेंढेमाळावरचा हवाचोर

"चोरी! परत चोरी झाली!"

जोतिबामामांची आरोळी ऐकून भैरवी आणि समर्थ अंगणात धावले. दसऱ्याच्या सुट्टीसाठी बेळगावच्या कॅम्प भागातून निपाणीजवळच्या मामाच्या गावी आल्यापासून काहीच घडलं नव्हतं. आता घडलं होतं!

"काय गेलं, मामा?" दहा वर्षांच्या मुलाला जेवढा आनंद लपवता येतो, तेवढा लपवून समर्थने विचारलं.

"हवा!" मामांनी जीपच्या चाकाला लाथ घातली. चाक उशीसारखं दबलं. "सकाळी टणक हुती. आता दुपारी बघतोय तर ही गत! रोजचंच झालंय!"

मामांची उघडी जीप म्हणजे गावाचं पर्यटन खातं. शहरातले पाहुणे तीत बसून मेंढेमाळावर जात, चिखलात किंचाळत, वरच्या देवीला नमस्कार करत आणि फोटो काढून परत येत. किंचाळण्याचे पैसे वेगळे नव्हते.

"ही त्या मारुतीचीच करणी!" मामा म्हणाले.

मारुतीराव हे मामांचे चुलतभाऊ. माळाच्या पायथ्याशी त्यांचं पंक्चरचं दुकान होतं आणि गावात हवा भरायचा पंप तेवढा एकच. पण मारुतीरावांच्या मुलीच्या लग्नात गडबडीत मामांना मानाचा फेटा बांधायचा राहून गेला, आणि दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. फेटा लांब असतो. अबोला त्याहून लांब निघाला.

"मारुतीआप्पा कशाला चोरतील?" मामांचा मुलगा आदर्श म्हणाला. "त्यांच्याकडं पंपच हाय की!"

"आणि चोरलेली हवा ठेवतील कुठे?" भैरवीने विचारलं. ती तेरा वर्षांची होती आणि दिसेल ते वाचायची. बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजूसुद्धा तिच्या तावडीतून सुटत नसे.

मोठी माणसं अडचणीच्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत, ती काम सांगतात. "गोपाळ! निपाणीला जाऊन हवा भरून आण. चारला पाहुणे यायचेत. आन उद्याचं ध्यानात हाय न्हवं?"

"व्हय, अण्णा," ड्रायव्हर गोपाळ जमिनीकडे बघत म्हणाला.

उद्या मोठा दिवस होता. मामांची आई, मनुबाई आजी, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून धाकट्या मुलाकडे बंगळूरला जाणार होती! आधी माळावरच्या देवीचं दर्शन, मग महामार्गाने तवंदी घाट उतरून थेट बेळगावजवळच्या सांबऱ्याचा विमानतळ.

"त्याच्या आत चोर पकडायचा!" भैरवीने जाहीर केलं.

चारच्या आधीच तिघं पायवाटेने माळावर चढले आणि चिखल सुरू होतो तिथल्या खडकामागे दबा धरून बसले. जीप आली. गोपाळ उतरला. "पाव्हणं, तिकडं दरीचा फोटो काढा, झकास येतोय!" पाहुण्यांनी पाठ फिरवली. गोपाळने खिशातून बाभळीचा काटा काढला आणि चाकाच्या तोटीत खुपसला.

सूऽऽऽ!

"हवाचोर!" समर्थ ओरडला.

"अरं, हळू बोल!" गोपाळने घाबरून हात जोडले. "अण्णास्नी सांगू नका रं! हवा ठासून भरली की चाक चिखलात नुसतं गरागरा फिरतंय. निम्मी सोडली की पसरतंय, चिखल धरतंय. अण्णास्नी हे पटत न्हाय. मऊ चाक म्हंजे त्यास्नी अपमान वाटतोय."

"पण खाली उतरल्यावर परत का भरत नाहीस?" भैरवीने विचारलं.

"कुठं भरू? पंप मारुतीरावांचा. तिथं जीप थांबली तर माझी नोकरी गेली! निपाणीतनं भरतोय. तवर आपलं हळू चालवतोय."

भैरवीने चाकाच्या बाजूला हात लावला आणि चटकन मागे घेतला. तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखं गरम! दुपारी ते मऊ असतानाच निपाणीपर्यंत पळालं होतं. मऊ चाक डांबरी रस्त्यावर प्रत्येक फेऱ्यात दबतं, वाकतं आणि तापतं. वेग वाढला, वजन वाढलं की आणखी तापतं. आणि मग फुटतं!

चाकाच्या कडेला बारीक अक्षरं होती. म्हणजे भैरवीने ती वाचलीच. "हा आकडा किती वजन पेलेल त्याचा, आणि हे अक्षर किती वेग सोसेल त्याचं. तेही हवा पुरती असेल तरच! गोपाळदादा, हवा किती पाहिजे ते कुठे लिहिलंय?"

"दाराच्या चौकटीवर पट्टी हुती. अण्णांनी तिच्यावर 'आईचा आशीर्वाद' चिकटवलाय."

भैरवीने आशीर्वादाचं एक टोक अलगद उचललं. खाली लिहिलं होतं : रस्त्यावर तीस पाउंड, माणसं सात.

"उद्या किती जण येणारेत?" तिने विचारलं.

आदर्शने बोटं मोजली. बोटं संपली.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये अकरा माणसं, तांदळाचं पोतं आणि लोणच्याची बरणी होती. आजीला पोचवायला जायचं हे निमित्त. विमान जवळून बघायचं हे कारण. पोरांना जागाच उरली नाही, म्हणून ती पायवाटेने वर गेली होती.

दर्शन लांबलं. पुजाऱ्यांनी विमानासाठी वेगळा मंत्र म्हटला. शेवटी मामांनी घड्याळ बघितलं आणि दचकले. "बाजूला सर, गोपाळ, आज गाडी मी चालवतो. निपाणीला वळायचं न्हाय. शंभरनं हाणतो!"

गोपाळचा चेहरा पांढरा पडला. चढताना त्याने हवा सोडलेलीच होती.

"मामा, चाकात हवा कमी आहे!" भैरवी कळवळून म्हणाली.

"म्हाईत हाय. मारुतीनं चोरलीय. बेळगावात भरू!"

"आणि माणसं जास्त आहेत!"

"घरचीच हाईत की!" मामा म्हणाले. जणू घरच्या माणसांना वजन नसतं.

जीप वळणावळणाने उतरू लागली. मऊ चाकं, जादा ओझं, पुढे तवंदीचा घाट, आणि पुढच्या सीटवर आजी, नवं लुगडं नेसून!

"पायवाटेनं! पळा!" आदर्श ओरडला.

धापा टाकत तिघं मारुतीरावांच्या दुकानात पोचली. "आप्पा! आजी विमानात बसायला चाललीय! जीप अडवा!"

"मी त्याच्या गाडीला हात लावणार न्हाय," मारुतीराव पाना फिरवत म्हणाले.

"गाडी राहू द्या. आजीला कोण ओवाळणार?" भैरवी म्हणाली.

मागच्या घरातून त्यांच्या पत्नी, मालुबाई, तरातरा बाहेर आल्या. "काकू विमानात बसत्यात? आन तुमी पाना फिरवत बसा! आदर्श, निरांजन लाव रं!"

जीप वळणावर दिसली तेव्हा मालुबाई लांबूनच दिसतील अशा रस्त्यात ताट घेऊन उभ्या होत्या. अबोला असो, वैर असो, ओवाळणीचं ताट चुकवून पुढे जाईल असा माणूस त्या भागात अजून जन्मला नव्हता. मामांनी ब्रेक दाबला. जीप डुलत डुलत थांबली.

"सुखरूप जाऊन या, काकू!" मालुबाईंनी ओवाळायला घेतलं. तेवढ्यात आदर्शने पंपाची नळी ओढली आणि भैरवीने मीटर चाकाला लावलं.

"पंधरा! तीस पाहिजे, फक्त पंधरा आहे!"

"बघा! चोरली का न्हाय?" मामा गरजले.

"अण्णा," गोपाळ मागून उतरला, "मीच सोडली. रोज मीच सोडतोय." आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

मामांनी तोंड उघडलं, पण बोलले मारुतीराव. ते मागच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. "जोत्या, हिकडं बघ."

अबोला सुटला होता, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे चाकाकडे बघत होते. टायरच्या बगलेवर लिंबाएवढा फुगा आला होता आणि त्याच्याशेजारी चीर. मामांनी चिरेवरून बोट फिरवलं.

"तवंदीत जर हे..." मामा म्हणाले आणि त्यांनी आजीकडे बघितलं.

आजीने दाराचा आशीर्वाद स्वतः सोलून काढला. "आई आशीर्वाद देती, बाळा. हवा आपली आपण भरायची आस्ती."

मग मात्र कामं भराभर झाली. जादा चाक चढलं. चारही चाकांत तीस पाउंड हवा भरली. सातजण जीपमध्ये उरले. बाकीच्यांतले काही, पोतं आणि पोरं मारुतीरावांच्या गाडीतून निघाले, उरलेले बसने. "काटा साठच्या वर गेला तर मी उतरून चालत जाईन," आजी म्हणाली. काटा साठच्या वर गेला नाही.

विमान उशिरा सुटणार होतं! विमानाच्या उशिरासाठी देवाचे आभार मानणारी सांबऱ्याला ती पहिलीच मंडळी असावी.

दारातून आत जाताना आजी तिन्ही नातवंडांच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "विमानाचं मला भ्या न्हवतंच गं. ह्या जीपचंच हुतं. जिवावरचं टाळलंसा, लेकरांनो!"

विमान उडालं, ढगात शिरलं. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. "गोपाळ," मामा म्हणाले, "चिखलात हवा सोड. पण खाली आल्यावर आप्पाकडनं भरून घे. आन भैरवी सांगंल तेवढीच माणसं."

परतीच्या वाटेवर मारुतीरावांनी बेळगावच्या खडेबाजारात गाडी थांबवली आणि केशरी फेटा विकत घेतला. भर रस्त्यात त्यांनी तो मामांच्या डोक्याला गुंडाळायला घेतला.

"किती आवळू, जोत्या?"

मामांनी डोळे पुसले आणि वळून हाक मारली, "भैरवी, फेट्यावर काय लिवलंय गं?"