जिवंत विरजण

"दहीसुद्धा?" मृण्मयीने कपाळावर हात मारला. "अरे, दही तरी सोडायचंस!"

तिचा नवरा सुहृद जंतू मारणारी दाबपेटी पुसत होता. ही पेटी घरात आल्यापासून त्याला नुसता चेव चढला होता. दूध, रस, चटण्या, जे हाताला लागेल ते तो आत कोंबायचा.

"चव बघ ना, काही बदललं नाहीये," तो म्हणाला. "उष्णता लागतच नाही. दाबाखाली कार्बन डायऑक्साइड जंतूंच्या पेशीत शिरतो आणि आत आम्ल तयार होतं. मग दाब झटकन सोडला की पेशी फाटतात. सगळे खलास!"

"त्या जंतूंनीच दूध विरजतं, शहाण्या! मेलेलं विरजण घालून काय उपयोग?"

एरवी तिने विषय सोडून दिला असता. पण त्यांची चार वर्षांची इरा विषमज्वरातून नुकतीच उठली होती. औषधांनी रोगजंतूंबरोबर तिच्या पोटातले उपयोगी जंतूही धुऊन नेले होते. साधी पेजसुद्धा पचत नव्हती. घरचं ताजं दही द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुकानातलं दही टिकावं म्हणून कारखान्यातच दाबपेटीतून काढलेलं असायचं.

वाटी घेऊन मृण्मयी शेजारी गेली.

"अगं, आम्हीपण सगळं पेटीतूनच काढतो," टिळेकरकाकू ओशाळून म्हणाल्या.

वरच्या मजल्यावर तेच, खालच्या मजल्यावरही तेच. अख्ख्या सोसायटीत चमचाभर विरजण मिळू नये, म्हणजे कमालच झाली! चिडून ती गच्चीत गेली आणि कुंडीतल्या मिरच्या तोडून आणल्या. विरजण नसलं की तिची आई कोमट दुधात मिरचीची देठं टाकायची. मृण्मयीनेही तेच केलं आणि भांडं झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दूध घट्ट झालं होतं. वास आंबूस होता, दह्यासारखाच, पण थोडा वेगळा.

"आई, दे ना," इरा म्हणाली. किती दिवसांनी तिने काहीतरी मागितलं होतं. मृण्मयीने चमचा भरला.

"थांब," सुहृद म्हणाला. "देठांवर काय काय असेल कुणास ठाऊक. एकदा पेटीतून काढूया का?"

"मग त्यात उरेल काय, तुझं डोकं?" ती खेकसली.

पण चमचा इराच्या तोंडापर्यंत जाईना. मृण्मयीच्या आईने नुसत्या वासावरून सांगितलं असतं, दही चांगलं की वाईट ते. जंतू मारण्यात इतक्या तरबेज झालेल्या या सोसायटीत त्यांना ओळखणारं कुणी उरलं होतं का?