दरीपलीकडचा तवा

तवा वाजवून परत यायचे, एवढेच काम होते. पण हा तवा स्वयंपाकघरात नव्हता. तो जंगल, नदी आणि डोंगर ओलांडून एका खोल दरीच्या पलीकडच्या कड्यावर टांगलेला होता, आणि वाजवायचा होता दरीच्या अलीकडून, बंदुकीच्या गोळीने!

जाड लोखंडाचा तो गोल पत्रा धाकटीच्या पणजोबांनी तिथे टांगला, तेव्हापासून घराण्यात एकच रीत होती. जो तवा वाजवील, त्याच्या हाती घरची जुनी रायफल आणि बंदुका दुरुस्त करायचे दुकान. पणजोबांनी वाजवला, आजोबांनी वाजवला, बाबांनी वाजवला, आणि तिघांनीही म्हणे अगदी मधोमध. बाबा तर ही गोष्ट सांगताना समोरच्याच्या कपाळावर बोट टेकवून "इथं, बरोब्बर इथं" म्हणायचे. दुकानात येणाऱ्या एकाही गिऱ्हाइकाचे कपाळ त्या बोटातून सुटले नव्हते.

आता पाळी धाकटीची होती. थोरल्या भावाने बंदुकीपेक्षा पावाची भट्टी जवळ केली होती, तेव्हा उमेदवार ती एकटीच. संधीही एकच. त्या रायफलीची काडतुसे बाजारात मिळेनाशी होऊन जमाना झाला होता. बाबांची मोठी बहीण, म्हणजे आत्या, जुनीच पितळी टोपणे, म्हणजे उडालेल्या काडतुसांची रिकामी कवचे, पुन्हा पुन्हा भरून वेळ निभावत आली होती, आणि आता चीर न गेलेले असे शेवटचे एकच काडतूस उरले होते. शिवाय पुढच्या वर्षी बाबांचे गुडघे त्यांना डोंगर चढू देतील, अशी खात्री डॉक्टर सोडाच, खुद्द बाबाही देत नव्हते.

निघायच्या सकाळी दुकानातल्या लांब टेबलावर सामानाची वाटणी झाली. खोलीला तेलाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास येत होता. बाबांनी रायफल उघडली, तिची नळी सुतळीने आढ्याला टांगली आणि पितळी हातोडीने हलकेच ठोकली. दोन ठोके, मग थांबायचे, मग एक ठोका. नळीला बारीकशी जरी चीर असली तरी आवाज बद्द येतो. बाबा डोळे मिटून ऐकत राहिले.

"चहा झालाय," आत्या म्हणाली. बाबांनी ऐकलेच नाही. "चहा!" ती ओरडली. तरी नाही.

"उभा जन्म बार काढण्यात गेला याचा," आत्या धाकटीला म्हणाली. "माणसांचं ऐकू येत नाही, लोखंडाचं तेवढं येतं."

"नळी ठणठणीत आहे," बाबा डोळे उघडून म्हणाले, "आणि चहा का नाही झाला अजून?"

मग वाटणी. अवजारांची गुंडाळी, दोर आणि दुर्बीण पिशव्यांत. रायफल धाकटीच्या पाठीवर. बोल्ट, म्हणजे काडतुसामागे बसून बार उडवणारा तो लोखंडी दांडा, बाबांच्या आतल्या खिशात. आणि काडतूस आत्याच्या पत्र्याच्या डबीत, कापसात गुंडाळून. हाही पणजोबांचाच नियम. एकदा डोंगरात सख्ख्या भावाशी त्यांचे कडाक्याचे भांडण झाले आणि रागाच्या भरात हात बंदुकीकडे गेला. घडले काहीच नाही. पण खाली उतरल्यावर त्यांनी बंदुकीचे तीन वाटे केले आणि सांगितले, यापुढे हे तीन वाटे तिघांच्या अंगावर राहतील. तिघांची डोकी एकदम तापत नाहीत. तेव्हापासून या घराण्यात कुणी कधी एकट्याने बार काढला नव्हता.

पहिला दिवस जंगलाने खाल्ला. झाडे इतकी दाट की भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारखे वाटे, आणि पायाखाली वर्षानुवर्षांचा पाचोळा, गुडघाभर. दुसऱ्या दिवशी नदी आडवी आली. पुलाच्या नावाने एक झाड पडलेले होते, शेवाळाने हिरवेगार झालेले, आणि खाली फेसाळते पाणी. धाकटी हात पसरून चालत गेली. आत्याने तसला काही बडेजाव केला नाही. ती घोड्यावर बसावे तशी ओंडक्यावर बसली आणि इंचाइंचाने सरकू लागली.

"ताई, फार शोभून दिसतेस," बाबा पाठीमागून म्हणाले.

"दिसू दे. बुडून शोभण्यापेक्षा बरं."

आणि त्याच क्षणी बाबांचा पाय सटकला! ते कमरेपर्यंत पाण्यात गेले. आत्याने मागे न बघताच हात मागे टाकला आणि त्यांची कॉलर पकडली, जशी लहानपणापासून पकडत आली होती. धाकटीने उलट धावत येऊन त्यांना वर खेचले. बाबांनी बाहेर येताच आधी बोल्ट कोरडा आहे का ते पाहिले, आणि मगच खोकले.

तिसऱ्या दिवशी सुट्या दगडांची घसरण लागली. एक पाऊल पुढे टाकावे तर दोन मागे. बाबांचे गुडघे कुरकुरत होते. बाबा मात्र कुरकुरत नव्हते. धाकटी मुद्दाम दम लागल्याचे सोंग करून थांबत होती, आणि बाबा मुद्दाम तिच्यावर चिडत होते, "आजकालच्या पोरांत जीवच नाही." दोघांनाही दुसऱ्याचे नाटक कळत होते.

दुपार कलायच्या आत ते दरीच्या काठाशी पोचले. तिथे नेम धरायला झोपता येईल असा सपाट खडक होता, त्याला घरात ओटा म्हणत. समोर दरी, आणि पलीकडच्या कड्यावर काळ्या ठिपक्याएवढा तवा! हा ठिपका चुकला तर बाबांच्या डोळ्यांदेखत चुकणार होता, आणि दुसरे काडतूस नव्हते.

"घाई करू नका," बाबा म्हणाले. "वारा बघून येतो. वरच्या झऱ्याचं पाणीही आणतो."

ते काठाकाठाने वर गेले आणि वळणाआड दिसेनासे झाले. आणि धुके आले. दरीच्या तळातून ते उठले आणि बघता बघता कड्याला भिडले. तवा गेला. दरी गेली. आत्या हातभर अंतरावर उभी असून पुसट झाली.

"बाबा!" धाकटी ओरडली. दरीने तो शब्द चार बाजूंनी परत केला. उत्तर नाही. ती पुन्हा ओरडली, शिट्टी मारली. आत्या म्हणाली, "त्याला ऐकू जायचं नाही गं." तिचा आवाज बदलला होता. वर झऱ्यापाशी वाट जेमतेम पाऊलभर रुंद होती, आणि एका बाजूला थेट दरी. बाबांची नजरही आता पूर्वीची राहिली नव्हती. स्वस्थ बसून राहतील तर बाबा कसले!

"बार काढू," धाकटी म्हणाली. "बार नक्की ऐकू येईल." तिने रायफल पुढे घेतली. आत्याने डबी उघडली, शेवटचे काडतूस क्षणाचाही विचार न करता काढून दिले. आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

बोल्ट बाबांच्या खिशात होता.

ज्या नियमाने इतकी वर्षे घर सांभाळले, त्याने आज हात बांधून टाकले होते. आत्या मटकन ओट्यावर बसली. "सगळ्या जगाला शहाणपण शिकवलं आम्ही," ती पुटपुटली, "आणि हे नाही सुचलं कुणाला."

धाकटीने डोळे मिटले. बाबांना काय ऐकू येते? माणूस नाही. शिट्टी नाही. लोखंड! तिने अवजारांची गुंडाळी सोडली आणि पितळी हातोडी कमरेला खोचली.

"आत्या, मी पलीकडे जाते. तवा वाजवते. तवा कुठे आहे हे त्यांना झोपेतही सांगता येईल. आवाज कुठून येतो ते कळलं की दरी कुठे आहे तेही कळेल."

नको जाऊस म्हणायला आत्याने तोंड उघडले, आणि मुकाट्याने दोर तिच्या कमरेला बांधायला घेतला.

ओट्याच्या खालच्या अंगाला दरी चिंचोळी होत गेली होती आणि तिथे एक प्रचंड धोंडा दोन कड्यांत अडकून पडला होता. धाकटी त्याच्यावरून पोटावर सरपटत गेली. खाली काय आहे ते धुक्याने झाकले होते, ते एक बरेच झाले. पलीकडे अरुंद कपार. तोंड कड्याला, पाठ दरीला. हात चाचपडत पुढे. पाय चाचपडत पुढे. बोटांना एकदम खाच लागली. छिन्नीने कोरलेली! मग दुसरी, मग तिसरी. पणजोबा याच वाटेने पत्रा पाठीला बांधून गेले होते. तिने कधीही न पाहिलेल्या त्या माणसाचा हात हातात आल्यासारखे तिला वाटले आणि धीर आला.

आणि दोर संपला. ताणला गेला. तवा अजून पुढे होता. तिने एक श्वास घेतला आणि कमरेची गाठ सोडली.

पाऊल. खाच. पाऊल. दगड निसटला! तो खाली गेला आणि पडल्याचा आवाज आलाच नाही. ती कड्याला चिकटून राहिली, गाल खडकावर टेकवून, आणि मग पुन्हा सरकली. पंज्याला थंडगार लोखंड लागले.

तवा तिच्या तोंडासमोर होता. तिने त्याच्यावरून हात फिरवला. गोळीची एक खूण वर कडेला. दुसरी डाव्या अंगाला. तिसरी इतकी खाली की काठाचा टवकाच उडाला होता. आणि मधोमध? मध्यभाग कोरा होता! एक ओरखडासुद्धा नव्हता. पणजोबा, आजोबा, बाबा, तिघांच्या तिन्ही गोळ्या कशाबशा काठाला लागल्या होत्या. त्या भयंकर कपारीवर, रडू फुटायच्या बेतात असताना, धाकटीला हसू आले. तिला त्या तिघांची इतकी माया वाटली की काही विचारू नका.

तिने हातोडी उगारली आणि मधोमध घातली.

घण्ण! सारी दरी दुमदुमली. घण्ण! मग थांबली. मग एक. दोन ठोके, थांबायचे, एक ठोका. टांगलेल्या नळीला बाबा ठोकत तसे. खांदा भरून आला. बोटे बधिर झाली. आले नाहीत तर? ती ठोकत राहिली. दोन, आणि एक. दोन, आणि एक.

किती वेळ गेला कोण जाणे. मग दरीपलीकडून आत्याचा आवाज आला, रडका आणि चिडका एकदमच. "आला गं! आला हा एकदाचा!"

धाकटी परत ओट्यावर पोचेपर्यंत धुके विरू लागले होते. बाबा बसले होते, हातात रिकामा पाण्याचा डबा, चेहरा पांढराफटक. तिला पाहताच ते म्हणाले, "इतकी आवळून धरतात का हातोडी? आवाज दाबला जातो." आणि तिला त्यांनी असे घट्ट धरले की तिच्या बरगड्या दुखल्या.

थोड्या वेळाने त्यांनी सांगितले. धुक्यात दिशा हरवली होती. ओटा समोरच आहे असे समजून ते निघाले होते, आणि पाऊल उचलणार तेवढ्यात तवा वाजला. थेट समोरून! तवा समोर म्हणजे मधे दरी. त्यांनी काठी पुढे टेकवून पाहिली. पुढे जमीनच नव्हती.

आत्याने फक्त भावाची कॉलर सारखी केली.

दरी आता लख्ख दिसत होती. बाबांनी खिशातून बोल्ट काढला, बाहीला पुसला. "वाराही पडलाय. चल, झोप ओट्यावर. काढ तुझा बार."

धाकटीने मान हलवली. "नको, बाबा. तवा टांगलाय तो आकडा झिजून दोऱ्याएवढा राहिलाय, मी पाहिलाय. गोळी लागली तर तवा दरीत जाईल. तो तिथंच असू दे." तिने काडतूस आत्याच्या हातात ठेवले. आत्याने ते कापसात गुंडाळून डबीत घातले. रायफल हातची गेली, हे तिला कळत होते.

बाबांनी समोरच्या कड्याकडे बोट केले. मग म्हणाले, "तवा वाजला ना?"

"वाजला."

"मी ऐकला. माझ्या कानांनी ऐकला. वाजवायचा अशी रीत आहे. कशानं, ते पणजोबांनी सांगितलेलं माझ्या तरी ऐकिवात नाही." त्यांनी बोल्ट तिच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटे स्वतःच्या हाताने मिटवली. "काडतुसाचं बघू. नवी टोपणं घडवायला शीक. दुकान आता तुझं आहे."

धाकटीने बोल्ट मुठीत धरला. तो बाबांच्या अंगाच्या उबेने गरम होता.

परतीच्या वाटेवर, घसरण उतरताना, आत्या पुढे गेलेली पाहून बाबांनी तिला हळूच बाजूला घेतले. इकडेतिकडे पाहिले. कान लाल झाले होते.

"एक सांगायचं राहिलं. बोल्ट देताना हेही सांगायचं असतं. मला तुझ्या आजोबांनी सांगितलं, त्यांना पणजोबांनी." ते घुटमळले. "कुठंही लागली असली, तरी घरी सांगताना मधोमध सांगायचं."

"माहीत आहे मला," धाकटी म्हणाली. "पण बाबा, मला खोटं सांगावं लागणार नाही."

बाबांनी खांद्यावरची दुर्बीण डोळ्यांना लावली. दूर पलीकडच्या कड्यावर, काळ्या तव्याच्या अगदी मध्यभागी, हातोडीच्या पितळेचा पिवळा ठिपका उन्हात चमकत होता. त्यांनी दुर्बीण खाली घेतली, बोट उचलले आणि लेकीच्या कपाळावर टेकवले.

"इथं," ते म्हणाले. "बरोब्बर इथं."