न लावलेला दिवा

"दिवेलागणीच्या आत निघा, वन्सं. मला पुन्हा सांगायला लावू नका."

ग्वेईझीचे ते शब्द! आईच्या उशाशी बसून तिच्या कोरड्या ओठांना पाणी पाजणाऱ्या यिनलिंगच्या हातातून चमचा काढून घेत, आवाजही न चढवता, भावजयीने ते उच्चारले होते, आणि मधे इतकी वर्षं उलटून गेली तरी ते यिनलिंगच्या अंतःकरणात जसेच्या तसे रुतून बसले होते. वर्ष सरायची संध्याकाळ होती ती. लग्न करून दिलेल्या मुलीने त्या संध्याकाळी माहेरचा दिवा पाहिला की माहेरचं वाटोळं होतं, वंश बुडतो, हे फेन नदीकाठच्या त्या गावात पोराटोरांनाही ठाऊक होतं. यिनलिंगलाही ठाऊक होतं. पण आईच्या घशात श्वास घरघरत होता हो... अशा वेळी कोणती लेक उठेल?

"मी पाठ करून बसते गं," ती काकुळतीला येऊन म्हणाली होती. "दिव्याकडे बघतच नाही."

"आणि चुकून बघितलंत तर? माझ्या पोराला काही झालं तर तुम्ही भरून देणार? परवा माहेरवाशिणी येतात, तेव्हा या. महिनाभर राहा, मी नाही म्हणणार नाही. आज नाही."

भाऊ, बाओथ्येन, दाराच्या चौकटीला नव्या वर्षाचे लाल कागद चिकटवत होता. त्याने मान वर केली नाही.

ह्याच भावाचं लग्न व्हावं म्हणून यिनलिंगने कोवळ्या वयात डोंगरापलीकडच्या एका दारुड्याशी लग्न केलं होतं! तिच्या सासरहून मुलीचं मोल म्हणून जे पैसे आले, ते जसेच्या तसे ग्वेईझीच्या बापाच्या हातात पडले, म्हणून तर ग्वेईझी सून होऊन ह्या घरात आली. पुढे नवरा दारू पिऊन पिऊन गेला, सासरच्यांनी यिनलिंगला हाकलून दिलं, आणि ज्या उंबऱ्यासाठी तिने आयुष्याची राख केली त्याच उंबऱ्यावरून तिला दिवेलागणीला उठवलं गेलं...

ती अंगणाबाहेरच्या बोराच्या झाडाखाली उभी राहिली. उभी राहणार नाही तर काय करणार? मग जीव राहवेना, तशी टाचा उंचावून तिने भिंतीवरून आत डोकावलं. खिडकीच्या कागदामागे पूर्वजांपुढचा दिवा पेटला. तो तिने डोळे भरून पाहिला. पहाटेच्या आत आई गेली.

म्हणजे आपल्या नजरेत ते विष आहे, हे तिला आता कुणी सांगायची गरज नव्हती. आईला आपण खाल्लं, ही वेदना तिने कधी कुणापाशी बोलून दाखवली नाही. पण त्या वेदनेच्या तळाशी हळूहळू दुसरंच काही साचत गेलं. जी नजर आईला लागली, ती दुसऱ्या कुणाला का लागू नये?

ती तालुक्याच्या गावी व्हिनेगरच्या कारखान्यात कामाला लागली आणि तिथेच राहू लागली. माहेरवाशिणींच्या दिवशीही तिने कधी गावाची वाट धरली नाही. ग्वेईझीच्या सुनेचं पोट एकदा रिकामं झालं, मग पुन्हा झालं, हे तिला बाजारात कळलं तेव्हा तिला आतून गार वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली नाही. यंदाच्या शरदात बातमी आली, की ग्वेईझीला नातू झाला, गोरागोमटा, धडधाकट. यिनलिंग तेव्हा मडकी घासत होती. तिने हात पुसले आणि स्वतःशीच म्हटलं, आता तिच्याकडे गमावण्यासारखं काहीतरी आहे.

वर्षअखेरीला दुपारीच तिने आईचा जुना कापसाचा कोट अंगात घातला आणि आईचाच रुमाल डोक्याला बांधला. शेजारच्या खाटेवरची बाई नव्या वर्षाच्या च्यावझ, म्हणजे उकडायच्या करंज्या, वळत होती. तिने पिठाचे हात थांबवले.

"कुठे गं निघालीस एवढी नटून?"

"माहेरी."

"आज? वेड लागलंय का तुला? आज कोणी माहेरी जातं?"

"लागलंय," यिनलिंग म्हणाली, आणि दार ओढून घेतलं.

गावात शिरली तेव्हा सांज दाटली होती. दारोदार लाल कंदील पेटले होते, फटाक्यांच्या माळा तडतडत होत्या, परसातून तळलेल्या माशाचा वास येत होता. केरसुण्या कुठेतरी लपवून ठेवल्या असतील, म्हणजे उद्या चुकूनही कुणी घरातली लक्ष्मी झाडून बाहेर काढायला नको. यिनलिंग भराभरा चालत होती. एकदा तो दिवा डोळे भरून बघायचा, मग मागे फिरायचं. एवढंच तर काम होतं!

आणि घरासमोर येऊन ती थबकली. घर अंधारात होतं.

सगळी आळी उजळलेली, आणि मधोमध हे एक घर काळंकुट्ट! दारावर लाल कागद ताजे होते, म्हणजे घरात कुणाचं सुतकही नव्हतं. दार मात्र सताड उघडं होतं. आपल्या आधीच कुणी सूड उगवून गेलं की काय, असं वाटून तिला फसवल्यासारखं झालं. संतापाच्या भरात तिने अंगण ओलांडलं.

"उंबरा उंच केलाय, वन्सं. सांभाळून."

अंधारातून आलेला आवाज ग्वेईझीचाच होता, पण किती म्हातारा झाला होता तो...

"दिवा का नाही लावलास?" यिनलिंगने दारातूनच विचारलं.

"आधी आत या. थंडी आहे."

"मी जेवायला नाही आले, ग्वेईझी. दिवा बघायला आलेय. तुझा वंश बुडावा म्हणून आलेय."

"ठाऊक आहे मला," ग्वेईझी शांतपणे म्हणाली. "दुसऱ्या कशासाठी याल तुम्ही?"

आतल्या बाजूला बाओथ्येन खोकला. "ताई, बस ना गं," एवढंच तो बोलला.

"तुम्ही गेलात ना, त्यानंतर सासूबाईंनी डोळे उघडले," ग्वेईझी सांगू लागली. "मी काडी ओढत होते. त्या म्हणाल्या, ग्वेईझी, दिवा लावू नकोस, दिवाच नसला तर ती काय बघेल? तिला आत घे. मला वाटलं, वातात बरळताहेत. मी दिवा लावला, वन्सं... लावला मी! त्या तशाच दाराकडे बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, मालव गं. पण मालवला तर अपशकुन, म्हणून मी तोही मालवला नाही."

यिनलिंगने चौकट घट्ट धरली. आईने आपलं नाव काढलं होतं... आपल्याला आत घे म्हणाली होती!

"तेव्हापासून दरवर्षी दार उघडं ठेवते आणि अंधारात बसते. सगळ्यांचे फटाके संपले की मग दिवा लावते. आळी हसते, ग्वेईझीला तेल परवडत नाही म्हणते. म्हणू दे."

"मला बोलावलं का नाहीस?"

"कोणत्या तोंडाने बोलावू?"

मग ग्वेईझी उठली, चाचपडत आली आणि तिने यिनलिंगच्या हातात काडेपेटी ठेवली.

"तुम्हीच लावा. बघायचा असेल तर बघा. दोन नातवंडं माझ्या कर्माने गेली, हे मला कळतं. हाही तुमच्या हाती."

हेच तर हवं होतं तिला! इतकी वर्षं हेच! पण आतल्या खोलीत बाळ जागं झालं, कुरकुरलं, आणि यिनलिंगच्या तोंडून तिला न विचारताच शब्द गेले, "आण त्याला इकडे."

सुनेचे पाय दारात अडखळले. "दे त्यांना," ग्वेईझी म्हणाली. यिनलिंग चाचपडत आत येऊन बसली, आणि अंधारातच दुधाच्या वासाचं ते उबदार गाठोडं मांडीवर आलं. इवल्याशा मुठीने तिचं बोट पकडलं आणि सोडेना.

यिनलिंगने एका हाताने डोक्याचा रुमाल ओढून डोळ्यांवर घेतला. "मागे गाठ मार," ती म्हणाली. ग्वेईझीने गाठ मारली. यिनलिंगने काडेपेटी तिला परत दिली. "आता लाव."

काडी ओढल्याचा आवाज झाला. गालाला किंचित धग जाणवली. मग मानेमागे ग्वेईझीची बोटं पुन्हा आली, गाठ सोडू लागली.

"बघा, वन्सं." ग्वेईझी आता रडत होती. "तुमच्या आईचा दिवा आहे. माझ्या आधी तो तुमचा आहे. बघा हो एकदा. मी नाही घाबरत आता."

रुमाल गळून पडला. यिनलिंगने डोळे घट्ट मिटले होते.

"नाही बघायचा मला."

"वन्सं..."

"तुला माफ केलं म्हणून नव्हे. पोराच्या मुठीतून बोट सोडवत नाही म्हणून. आज अभद्र बोलायचं नसतं, नाहीतर काय काय ऐकवलं असतं तुला!"

"उद्या ऐकवा."

"उद्याही बोलायचं नसतं. परवा ऐकवीन."

"परवा ऐकवा मग. महिनाभर ऐकवा."

ग्वेईझीने वाडगा आणला. करंजीवर फुंकर घालून तिने ती चमच्याने यिनलिंगच्या ओठांशी नेली. ह्याच बाईने ह्याच घरात आपल्या हातातून चमचा काढून घेतला होता, हे यिनलिंगला आठवलं, आणि मिटल्या पापण्यांतून तिची आसवं घळाघळा बाळाच्या दुपट्यावर ओघळली. तरी तिने तोंड उघडलं. घास गिळला. दिवा रात्रभर जळत राहिला, आणि कोंबडा आरवून उजाडेपर्यंत तिने एकदाही डोळे उघडले नाहीत.