शाळेच्या गच्चीवरचा कोरा फिल्टर

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, मी स्वतः तिथे होते. आणि रात्रही नव्हती. गेल्या ऑगस्टमधला मंगळवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं.

अटाकामाच्या वाळवंटातलं आमचं गाव, पोसो सेको. गावाला लागूनच तांबं वितळवायची भट्टी. शाळेच्या गच्चीवर हवा मोजायची पेटी आहे. पंप हवा ओढतो, धुरातलं गंधक फिल्टरवर उतरतं. हे काम आधी माझ्या दादाचं, एलिसेओचं. दोन वर्षांपूर्वी याच धुरानं जडलेल्या छातीच्या दुखण्यानं तो गेला. आता ते मी करते.

इथली धूळ नळीत साचली की तीच गंधकाचा गॅस गिळते, आणि आकडा खोटाच कमी येतो. म्हणून दादा रोज नळी पुसायचा.

त्या महिन्याच्या बारा फिल्टरांवर जास्त गंधक निघालं आणि ते खरं धरलं गेलं, तर शाळेच्या वेळात भट्टी बंद ठेवावी लागणार होती. माझी लेक नायरा त्याच शाळेत आहे, दुसरीत. दम्याचा पंप दप्तरात घेऊन जाते.

बारांबरोबर एक तेरावा असतो. कोरा, सीलबंद, मोजणीत गफलत नाही ना हे ताडायला. तो उघडायचाच नाही. त्यावर गंधक सापडलं, तर बाराही बाद.

दादाला एक खोड होती. फिल्टर दिसला की त्यावर फुंकर मारायचा. साहेब ओरडले तर म्हणायचा, "धूळ बसली असली तर?"

त्या दुपारी मी कोरा फिल्टर हातात घेऊन शिडी चढले. नळी उघडली...

आत धुळीचा कण नव्हता.

तीन दिवस धुळीचं वादळ होतं. मी वर फिरकलेच नव्हते.

"बाल्दो, नळी तू पुसलीस?" मी खाली ओरडले.

आमचा ड्रायव्हर गाडीला टेकून एम्पनाडा खात होता. "मी? ताई, मला स्टुलावर चढवत नाही! एखाद्या भुतानं पुसली असेल, त्याला चहा पाज."

मी हसले. खरंच हसले.

मग पंप थांबला...

वाराही.

आणि मागे कोणीतरी खोकलं. तीनदा. मग एक आवंढा.

तो खोकला मी अठरा वर्षं भिंतीपलीकडून ऐकलाय.

वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

मग माझ्या हातावर... फुंकर.

"दादा, नको," मी म्हणाले. "त्याच्यावर नको."

पंप पुन्हा सुरू झाला. सील शाबूत होतं. मी तो फिल्टर तसाच प्रयोगशाळेत पाठवला.

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला.

"बाराही फिल्टरवर भरपूर गंधक आहे हो. पण कोऱ्यावर सगळ्यात जास्त! उघडला होतात का?"

"नाही."

"सीलही तुटलेलं नाही..." कागद चाळल्याचा आवाज आला. "मोजणीतली चूक म्हणून लिहिते. बाराही बाद करावे लागतील."

त्यानंतर दर महिन्याला हेच. नळी आधीच पुसलेली, आणि कोरा फिल्टर खराब. दादावर चिडावं की रडावं, कळत नाही. बिचारा मदतच करायला येतो.

भट्टी चालू आहे.

काल नायरा अभ्यासाला बसली होती. खोकली. तीनदा. मग एक आवंढा.

आणि वहीचं कोरं पान उघडून तिनं त्यावर हळूच फुंकर मारली.