बोळक्याचे दोन दात

मातेच्या त्यागाची खोली मोजणारं साधन या जगात अजून बनलेलं नाही. दाताची रुंदी मोजणारं मात्र बनलेलं आहे, आणि ते सदैव सासऱ्यांच्या वरच्या खिशात असे. सुनेची खरी पंचाईत तीच होती.

खाली कवळ्या बनवण्याचं वर्कशॉप, वर घर. सासरे प्लास्टरचे साचे ओतत, नवरा मेणात दात बसवी आणि सून तयार कवळ्यांना पॉलिश करी. दारात आलेल्या पोस्टमनचंही आधी तोंड बघायचं आणि मग पत्र, अशी त्या घराची रीत. अशा घरात तिने गेले नऊ दिवस दोन दात लपवले होते... स्वतःचे नव्हे, आठ महिन्यांच्या लेकाचे, बोळक्याचे!

कारण सासूबाईंचा नियम. पहिला दात दिसला की अंगावरचं दूध बंद, वाटी-चमचा सुरू. "याच्या बापाचंही मी असंच तोडलं," त्या अभिमानाने सांगत.

सुनेच्या काळजात ते ऐकून चर्र होई. दिवसभर तिच्या हातात परक्या माणसांचे जबडे; पण दुपारी मागच्या खोलीत बोळक्या कुशीत शिरला, त्याने तिचा अंगठा मुठीत गच्च धरला आणि डोळे अर्धे मिटले, की तेवढा वेळ या जगात कुणाला तरी ती हवी असे, तिचं पॉलिश नव्हे. त्यासाठी काहीही सोसायची तिची तयारी होती, आणि सोसायची वेळ रोज येत होती. दहा-बारा मिनिटं सगळं कसं अमृतमय... आणि मग कच्चकन! डोळ्यांपुढे काजवे. ओरडावं तर सासूबाई येणार, काढून घ्यावं तर लेकरू उपाशी राहणार, म्हणून ती ब्र न काढता त्याला आणखी घट्ट धरी, आणि तो आणखी चावे. इतर वेळी कुणी "हस बघू" म्हणत त्याच्यापुढे वाकलं, की तिला हमखास त्याची शी झाल्याचा वास येई.

दहाव्या दिवशी घात झाला. तिच्या एप्रनच्या खिशात मेणाची एक पट्टी राहिली होती. बोळक्याने मांडीवर बसल्या बसल्या ती ओढून काढली आणि मनापासून चावली. तिने ती पुसली आणि घाईघाईत पुन्हा कामाच्या टेबलावर ठेवली. संध्याकाळी त्या पट्टीवरच्या खुणांना सासऱ्यांनी भिंग लावलं.

"हे आपल्या कुठल्या गिऱ्हाइकाचं?"

"का हो बाबा, काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"खालचे मधले दोन. रुंदी चार मिलिमीटर." त्यांनी चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं. "गिऱ्हाईक वरच्या मजल्यावर राहतं वाटतं."

आणि नेमक्या तेव्हाच जिन्याच्या शेवटच्या पायरीवर सासूबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"किती दिवस झाले?"

"नऊ."

"चावतो?"

"नाही."

"मी काल जन्मलेली नाही. चावतो?"

सुनेचा बांध फुटला. "चावतो, आई. रोज चावतो. वाटी-चमचा देते, तुम्ही म्हणाल ते सगळं करते, पण हे तोडायला लावू नका... त्याला अजून हवंय. मलाही."

सासूबाईंनी ट्रे दोन जबड्यांच्या मधे ठेवला.

"नियमबियम काही नव्हता," त्या आपल्या मुलाकडे बघत म्हणाल्या. "हा मला चावला, आणि मी कळवळून याला ढकललं. जोरात. तो जो रडला... नंतर जवळ घेतलं की तोंड फिरवायचा. चार दिवस वाट बघितली. मग सगळ्यांना सांगितलं, मीच तोडलं म्हणून. तीस वर्षं तेच सांगतेय."

नवरा, वय एकतीस, कुणाची तरी वरची कवळी छातीशी धरून रडू लागला. "आई, मला काहीच आठवत नाही गं."

"मला आठवतं ना, राजा."

सून धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली. "नऊ दिवस सोसलंस गं," सासूबाई हुंदक्यांतून म्हणाल्या, "माझ्याच्याने एक दिवस झालं नाही." आजवरचा सगळा दुरावा त्या अश्रूंत वाहून चालला होता...

"प्लास्टर ओलं होतंय," सासरे म्हणाले. मग खाकरले. "चावतो कधी? सुरुवातीला, का शेवटी?"

"शेवटी. दहा-बारा मिनिटांनी."

"दूध ओढताना जीभ खालच्या दातांवर असते. तेव्हा चावताच येत नाही. चावला म्हणजे ओढणं संपलंय. तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घाल, सोडेल."

तेवढ्यात वर बोळक्या जागा झाला. सगळं घर जिना चढलं. पुरुष दाराबाहेर थांबले. सून खुर्चीत बसली, सासूबाई तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभ्या राहिल्या. अकराव्या मिनिटाला ओढणं मंदावलं, जबडा थबकला...

"आता," सासूबाई कुजबुजल्या.

करंगळी आत गेली. तो सुटला. दोघी जीव मुठीत धरून त्याच्या रडण्याची वाट पाहत राहिल्या.

त्याने ढेकर दिला. त्याचं पोट भरलं होतं. गेले नऊ दिवस ते रोज एवढ्याच वेळात भरत होतं.