चौथ्या फोटोतलं नाक

"इतक्या जवळून घेऊ नका, बाप्पा. नाक मोठं दिसते."

नूपुरने दचकून मोबाइल खाली घेतला. धंतोलीतल्या क्लिनिकच्या जिन्यात, खिडकीच्या उजेडात, ती आपल्या नव्या नाकाचा पहिलावहिला सेल्फी काढत होती. प्लास्टर नुकतंच निघालं होतं. डोळ्यांखाली पिवळे-जांभळे डाग, नाक सुजून भलतंच झालेलं… आणि वर हा आगाऊपणा!

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"कोणीच नाही." गळ्यात कॅमेरा अडकवलेला तो मुलगा ओशाळून हसला. "पण तुम्ही नूपुर असाल, तर तुमचा फोटो मलेच काढायचा आहे. या."

त्याचं नाव साहिल, राहणार सावनेरचा. डॉक्टर नीलांकडे ऑपरेशननंतर पेशंटचे फोटो काढायचं काम त्याने त्याच आठवड्यात सिस्टर सोनिकाकडून हाती घेतलं होतं. खोलीत एक पांढरी भिंत, एक स्टूल आणि फरशीवर चिकटवलेली लाल टेप.

"स्टुलावर तुम्ही, टेपच्या मागे मी. दर वेळी हेच अंतर, हाच उजेड. नाहीतर नाक बदललं की फोटो बदलला, समजतच नाही… हसू नका. हसलं की नाक पसरते."

"मग तुम्ही असं हेडमास्तरसारखं तोंड करू नका ना. मला त्याचंच हसू येतंय!"

क्लिक करायच्या आधी तोच हसला. कॅमेरा हलला. पुन्हा काढावा लागला.

नूपुर सदरमध्ये चष्म्याच्या दुकानात कामाला होती. समोर माणूस आला की तिला आधी त्याचं नाक दिसायचं, मग कान, मग जमलं तर माणूस. स्कूटीवरून पडून तिचंच नाक वाकडं झालं, तेव्हा एका बाजूने श्वास अडायला लागला आणि चष्मे विकणाऱ्या मुलीच्याच चेहऱ्यावर चष्मा तिरपा बसायला लागला. गिऱ्हाइकं हसायची. म्हणून हे ऑपरेशन.

डॉक्टर नीलांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "सूज हळूहळू जाते, शेंड्याची सगळ्यात शेवटी. वर्षभर निकाल लावायचा नाही."

पण वर्षभर वाट कोण बघतंय!

महिन्याने दुसरा फोटो झाला, मार्चमध्ये तिसरा. नाक खरंच उतरत होतं. आणि नूपुरला एक नवीनच कुतूहल लागून राहिलं होतं – हा मुलगा कॅमेरा डोळ्याला लावला की इतका गप्प का होतो? आणि कॅमेरा खाली आला की इतका का बोलतो?

"माझ्या नाकाकडे काय बघून राहिल्या?" तिसऱ्या वेळी त्याने विचारलंच.

"थोडं डावीकडे आहे तुमचं."

"लहानपणी विट्टी लागली होती."

"मग सरळ नाही करून घेतलं?"

"मले कुठं दिसते ते? दिसते समोरच्याले. त्यानं मान वाकडी करावी!"

तिने खरंच मान वाकडी करून पाहिलं. तो लाजला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेला मुलगा तिने पहिल्यांदाच पाहिला… आणि दुकानात दिवसभर, फ्रेमा पुसता पुसता, तिला तेच कान आठवत राहिले.

चौथा फोटो मे महिन्यातला. बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं आणि खोलीत कूलर घरघरत होता. त्या दिवशी कशी कोण जाणे, नूपुर मनातलं बोलून गेली.

"आरशात बघितलं ना, की आधी नाक दिसतं. मग मी दिसते. आधी असं नव्हतं हो. घरी सगळे म्हणतात छान झालं, पण मला वाटतं सगळे मन राखायला बोलतात…"

साहिल ऐकत होता. मान थोडी पुढे, कॅमेरा हातात तसाच. मग भानावर येऊन त्याने फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. नूपुरने तिसरा आणि चौथा फोटो मोबाइलवर शेजारी शेजारी ठेवले. चौथ्या फोटोतलं नाक मोठं होतं. सूज उतरायची सोडून चढली होती! तिने पुण्याच्या एका सर्जनला दोन्ही फोटो पाठवले. उत्तर लगेच आलं – दुरुस्ती लागेल असं दिसतंय, येऊन भेटा, जूनची तारीख देता येईल.

"पुन्हा कापाकापी?" आई, गोपिकाबाई, कपाळाला हात लावून बसली. "काहून वं? चांगलं तर आहे नाक!"

"तू आई आहेस. तुला चांगलंच दिसणार. फोटो खोटं बोलत नाही."

पुण्याचं तिकीट झालं. निघायच्या आदल्या दिवशी ती मोठ्या आकारातले फोटो न्यायला क्लिनिकमध्ये गेली. पुन्हा ऑपरेशन, हे शब्द ऐकले आणि साहिलच्या हातातली कॅमेऱ्याची बॅग तशीच लटकत राहिली.

"कोणी सांगितलं?"

"तुमच्याच फोटोने सांगितलं." तिने दोन्ही फोटो त्याच्या कॉम्प्युटरवर मोठे करायला लावले. "हे बघा. नाक केवढं झालंय…"

आणि ती थांबली. मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर तिने नुसतं नाकच पाहिलं होतं. आता सगळा चेहरा समोर होता. चष्म्याच्या दुकानातली नजर सवयीने नाकावरून कानांकडे गेली.

"माझे कान कुठे गेले?"

"अं?"

"मार्चमध्ये पूर्ण दिसताहेत. इथे गालांमागे लपलेत. नाक मोठं आणि कान लहान… सूज कानांना कशी येईल उलटी?" ती हळूच त्याच्याकडे वळली. "साहिल, तुम्ही टेपच्या पुढे आला होतात?"

उत्तर त्याच्या लाल झालेल्या कानांनी दिलं.

"काहून?" तिने त्याच्याच बोलीत विचारलं.

"कूलरचा आवाज होता. तुमचं बोलणं ऐकू नव्हतं येत."

"मग कूलर बंद करायचा."

"नाही सुचलं." तो फरशीकडे बघत म्हणाला. "तुम्ही ते आरशाचं सांगून राहिल्या होत्या… अन् मी ऐकत ऐकत कधी पुढं सरकलो, मलेच समजलं नाही. चूक झाली. त्या फोटोवर कापायले नका जाऊ… हात जोडतो."

त्याचे हात खरंच जोडलेले होते. नूपुरला रागवायचं होतं – रागवायलाच हवं होतं! एक चुकलेला फोटो, आणि ती पुन्हा भूल घ्यायला निघाली होती. पण राग काही केल्या येईना.

"काढा पुन्हा," ती स्टुलावर जाऊन बसली. "टेपच्या मागून."

नवा फोटो मार्चच्या फोटोशेजारी लागला. नाक मार्चपेक्षा बारीक होतं, कान जागच्या जागी. तिने मोबाइल काढून पुण्याचं तिकीट रद्द केलं. मग अगदी हळू म्हणाली,

"खरं सांगा. मन राखायला नको. कसं दिसतं?"

"मले नका विचारू."

"का?"

"सोनिका सिस्टरले विचारा. नीला मॅडमले विचारा. मी…" त्याने कॅमेरा गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. "मी आता तुमचं नाक सांगायच्या कामाचा नाही राहिलो. ते कसंही असतं न, तरी मले…"

पुढचं वाक्य कूलरने खाल्लं. तरी नूपुरला सगळं ऐकू आलं.

"मग आता माझे फोटो कोण काढणार?"

"सोनिका सिस्टर."

"आणि तुम्ही?"

"मी बाहेर बसतो."

ऑगस्टमधल्या तारखेला बाहेर बारीक पाऊस होता आणि क्लिनिकमध्ये गर्दी. गोपिकाबाई या वेळी मुद्दाम सोबत आल्या होत्या. पोरगी आजकाल सदरहून उशिरा का येते आणि फोनवर सावनेरचा कोण बोलतो, हे त्यांना जरा बघायचंच होतं. सोनिका सिस्टरने दार किलकिलं करून रोजच्या सवयीने विचारलं,

"नूपुरसोबत कोण आहे?"

गोपिकाबाई पदर सावरून उठू लागल्या. पण कोपऱ्यातल्या खुर्चीवरून एकजण आधीच उभा राहिला होता… इस्त्रीचा शर्ट, थोडं डावीकडे नाक.

"मी आहे," साहिल म्हणाला.

सोनिका सिस्टरने तोंडावर हात ठेवला. नूपुर फरशी बघत राहिली. गोपिकाबाईंनी त्याला नखशिखांत न्याहाळलं, मग लेकीकडे पाहिलं, आणि सावकाश पुन्हा खुर्चीत टेकल्या.

"जा गा," त्या म्हणाल्या, "उभा काहून राहिलास? तिले आत बोलावून राहिले न."