चार वाजताचं पान

या, जरा पुढे सरका, ऐसपैस मांडी घाला. एक आख्यान सांगतो. पुराणातलं नाही, शहाण्णव सालच्या दिल्लीतलं. पण गोडी तशीच, शब्द देतो.

तेव्हा जो तो कॉम्प्युटर शिकत सुटला होता. तिकडे दिल्लीतल्याच द्वारकेत उजाड माळावर सोसायट्यांचे सांगाडे उठत होते, अन् इकडे पहाडगंजच्या क्षिप्राने मुनिरकात दीनानाथ सरांच्या क्लासला नाव घातलं. पहिल्याच दिवशी तिच्या काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं भराभर धावली आणि थांबली. काही केल्या हटेनात!

"अगंबाई... आता यातून बाहेर कशी पडू?"

"क्यूचं बटण दाबा," मागून कुणी म्हणालं.

तिने वळून पाहिलं. सडसडीत अंग, नाकावर घसरलेला चष्मा. हा हेरंब, मूळचा नांदेडचा. क्लासची सगळी मशीन सांभाळायचा.

"तुम्ही मराठी?"

"अगंबाई ऐकलं नि धावत आलो. मुनिरकात हा शब्द कुठे कानावर पडतोय!"

"मग आता फाइल कॉपी कशी करायची, तेही सांगून टाका."

"ते नाही सांगणार. कमांडच्या आधी मॅन लिहा, म्हणजे मॅन्युअल; मशीन आपणहून सगळं समजावतं. पान वाचा, क्यू दाबा, बाहेर या."

"अच्छा! मग तुम्ही कशाला आहात?"

"क्यू सांगायला."

क्षिप्रा हुशार. आठवड्याभरात पानं वाचून सारं शिकली. पण रोज चार वाजले, की कॉपीचं तेच पान उघडायची आणि हात मांडीवर ठेवून बसायची. हेरंब यायचा, तिच्या खांद्यावरून वाकायचा, एक बोट टेकवायचा.

"पुन्हा अडकलात?"

"अडकले ना... लक्षातच राहत नाही, यार."

मे महिना आला. बाहेर अमलतास, म्हणजे आपला बहावा, पिवळाधमक लोंबत होता, आणि हेरंबला बंगलोरची नोकरी लागली. रविवारी गाडी. शुक्रवारी क्षिप्राच्या मनात सकाळपासून एकच — आज बोलले नाही, तर संपलंच.

चार वाजले. पान उघडलं. हेरंब आला, पण त्याने बोट टेकवलंच नाही.

"एक सांगू? कोण काय चालवतंय, ते माझ्या मशीनवर दिसतं. तुमची बाकी कामं झपाझप होतात. चारला मात्र हे पान उघडतं... आणि मिटतच नाही."

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "म्हणजे तुम्हाला — ठाऊक होतं?"

"बिल्कुल."

"तरी येत होता?"

"साडेतीनपासून घड्याळ बघायचो..."

तेवढ्यात लाइट गेली. पंखे थांबले, पोरं ओरडली, "सर, जनरेटर!"

एरवी सर अनवाणी धावायचे. क्लासचं एक मिनिट वाया गेलेलं त्यांना खपत नसे. त्या दिवशी दारातून आत डोकावले. दोघांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तेल ख़त्म है. चलो, सब नीचे. चाय मेरी तरफ़ से!"

खोली रिकामी झाली. हेरंब हळूच म्हणाला, "सकाळी मीच टाकी भरलीय. काठोकाठ."

क्षिप्राला हसू फुटलं, अन् त्या हसण्यातच धीर आला. "जाऊ नका, असं नाही म्हणणार मी. पण... मला न्यायला याल?"

"हे मशीनला नाही विचारलंत?"

"त्याला काय कळतंय!"

हेरंबने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "येईन. आधी तुमच्या बाबांकडे येतो. उद्याच."

आला. दिवाळीनंतर लग्न लागलं. मंगलाष्टकांतलं अक्षर न कळणारे सर मुठीत अक्षता धरून शेवटपर्यंत उभे होते.

सर आता देवाघरी गेले. उभ्या जन्मात ते बहुधा तेवढंच खोटं बोलले असतील. हरिनाम घ्याल तेव्हा, बाबांनो, एकदा दीनानाथ सरांचंही नाव घ्या.